टेप चालू असताना कोण बोलतं?

इंग्लंडमध्ये पोलीस एखाद्याला अटक करतात तेव्हा, आणि पुन्हा चौकशीला बसवतात तेव्हा, एक ठरावीक सूचना देतात. मराठीत ती साधारण अशी होते: 'तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. पण पुढे कोर्टात ज्या गोष्टीचा आधार घ्याल ती आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. जे बोलाल ते पुरावा म्हणून मांडलं जाऊ शकतं.' तीनच वाक्यं. पोलीस ठाण्यांत दुभाषी म्हणून काम करताना ती मी इतक्यांदा म्हटली आहेत की झोपेतून उठवलं तरी सांगेन. समोरचा माणूस पहिल्या वाक्याला मान हलवतो, दुसऱ्याला त्याची नजर अडखळते आणि तिसऱ्यापर्यंत त्याचं ऐकणं बंद झालेलं असतं. मग बहुतेक वेळा हळूच प्रश्न येतो, "म्हणजे बोलू की नको, ताई?"

उत्तर द्यायची मला मुभा नाही. दुभाष्याने आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नसतं. उत्तर द्यायचं असतं त्याच्या शेजारी बसलेल्या कायदेशीर सल्लागाराने. हा सल्लागार दर वेळी सॉलिसिटर असतोच असं नाही. बऱ्याचदा तो 'पोलीस स्टेशन रेप्रेझेंटेटिव्ह' असतो, म्हणजे वकिलीची पूर्ण पात्रता नसलेला, पण ठाण्यात जाऊन अशिलाला सल्ला देण्याची मान्यता मिळवलेला माणूस. कधी कधी ती मान्यताही अजून मिळायची असते आणि तो शिकाऊ असतो. रात्री दोन वाजता, दमलेल्या, घाबरलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाने या शिकाऊ प्रतिनिधीच्या शब्दावर आयुष्यातला एक मोठा निर्णय घ्यायचा असतो. म्हणूनच या शिकाऊंची परीक्षा कशी घेतली जाते, हा प्रश्न मला फक्त वकिलांचा घरगुती मामला वाटत नाही.

ही परीक्षा मुळात आली कशी, ते सांगायला हवं. 1984 च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्टच्या कलम 58 ने कोठडीतल्या माणसाला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. हा सल्ला फुकट मिळतो, मग माणूस गरीब असो की श्रीमंत. कायदा चांगला होता. पण हक्क मागणाऱ्यांकडे ठाण्यात पाठवायचं कोणाला? वकिलांच्या फर्म्सनी हाताशी होते त्यांना पाठवलं: कारकून, नवखे उमेदवार, निवृत्त पोलीस. त्यांना कोणी तपासलेलं नव्हतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी ठाण्यांत बसून पाहिलं, तेव्हा यांतले अनेक जण चौकशीत अवाक्षर न काढता बसून राहत असल्याचं समोर आलं.

त्याच सुमाराला कार्डिफचा खटला गाजला. 1988 साली कार्डिफच्या ब्यूटटाउन भागात लिनेट व्हाइट या तरुणीचा खून झाला. स्टीफन मिलर, युसुफ अब्दुल्लाही आणि टोनी पॅरिस या तिघांना 1990 मध्ये दोषी ठरवण्यात आलं. मिलरची चौकशी पाच दिवसांत मिळून सुमारे तेरा तास चालली होती. 'मी तिथे नव्हतो' हे त्याने तीनशेहून अधिक वेळा सांगितलं आणि शेवटी तो कोसळला. 1992 मध्ये अपील न्यायालयाने सातव्या क्रमांकाची टेप ऐकली. पोलीस प्रश्न विचारत नव्हते, त्याने काय म्हणावं ते त्याच्यावर ओरडत होते. न्यायाधीश हादरले आणि तिघांची शिक्षा रद्द झाली. खरा गुन्हेगार डीएनएवरून 2003 मध्ये सापडला.

या हकिकतीतली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट वेगळीच आहे. ती सातवी टेप रेकॉर्ड होत होती तेव्हा मिलरच्या शेजारी त्याचा वकील बसलेला होता. तो सॉलिसिटर होता, शिकाऊ नव्हता. आणि तो गप्प होता. अपील न्यायालयाने पोलिसांबरोबर त्याच्यावरही कडक ताशेरे ओढले. कायद्याने दिलेला हक्क मिलरला कागदावर पुरेपूर मिळाला होता.

यानंतर, 1990 च्या दशकाच्या मध्यावर, मान्यतेची योजना आली. मान्यता नसलेल्या किंवा त्या वाटेवर नोंदवलेल्या नसलेल्या प्रतिनिधीच्या कामाचे पैसे सरकारी कायदेसाहाय्यातून मिळेनात, त्यामुळे फर्म्सना आपली माणसं परीक्षेला बसवावीच लागली. परीक्षेचे भाग तीन. एक लेखी पेपर. दुसरा 'पोर्टफोलिओ', म्हणजे केलेल्या कामाची फाइल: आधी वरिष्ठाला काम करताना पाहायचं, मग वरिष्ठ पाहत असताना स्वतः करायचं, मग एकट्याने ठाण्यात जायचं आणि प्रत्येक प्रकरणात काय केलं, का केलं, काय चुकलं हे लिहून द्यायचं. नोंदणी झाल्यावर वर्षभरात सगळं पूर्ण करावं लागतं. तोवर शिकाऊ प्रतिनिधीला खून-बलात्कारासारख्या, फक्त क्राउन कोर्टात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत एकट्याने सल्ला देता येत नाही.

तिसरा भाग म्हणजे 'क्रिटिकल इन्सिडेंट्स टेस्ट'. या चाचणीबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनापासून आनंद झाला होता. उमेदवाराला आधी प्रकरणाची थोडी माहिती देतात. मग रेकॉर्डिंग लावतात. त्यात कधी कोठडीचा अधिकारी बोलतो, कधी तपास अधिकारी, कधी अशील. आवाज थांबला की उमेदवाराने तिथल्या तिथे, तोंडी, जणू तो त्या खोलीतच बसला आहे असं उत्तर द्यायचं. 'मी हस्तक्षेप करीन' असं म्हणून भागत नाही, हस्तक्षेप करावा लागतो. अधिकारी म्हणतो, 'तुमच्या अशिलाने उघडपणे सांगितलं तर लवकर घरी जाईल.' पुढच्या काही सेकंदांत तुमच्या तोंडून काय निघतं, त्याला गुण. पोहणाऱ्याला पाण्यात उतरवून पाहावं तशी ही परीक्षा आहे, आणि कार्डिफच्या त्या गप्प वकिलाला दिलेलं हे सर्वांत थेट उत्तर आहे.

माझी तक्रार अशी की हे उत्तर तिथेच, त्या एका दिवसापुरतं थांबलं. बाकीचं सगळं मूल्यमापन कागदाचं आहे, आणि तो कागद ज्याची परीक्षा आहे त्यानेच लिहिलेला असतो.

दोन प्रसंग सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, गाभा खरा आहे. गोव्यातून येऊन पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणारे बरेच लोक आहेत. त्यांतला एक पन्नाशीचा माणूस, शाळा मराठीतून झालेली, गोदामात काम करणारा. माल चोरल्याचा आळ. (सल्ल्याच्या वेळी एक आणि चौकशीच्या वेळी दुसरा असे दोन दुभाषी असावेत हे खरं, पण मराठीचा एक मिळाला तरी ठाण्याला हायसं वाटतं, त्यामुळे दोन्हीकडे मीच होते.) त्याची शिकाऊ प्रतिनिधी एक तरुण मुलगी होती. हुशार, तयारी करून आलेली, वही टापटीप. गप्प राहण्याचा हक्क, 1994 च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टचं कलम 34, गप्प राहिल्यास ज्यूरी काय निष्कर्ष काढू शकते, सगळं तिने क्रमाने, एक चूक न करता सांगितलं. मीही जमेल तितक्या साध्या मराठीत ते त्याच्यापर्यंत पोचवलं. शेवटी तिने विचारलं, "समजलं?" तो म्हणाला, "होय, होय." त्याला काडीचंही समजलेलं नव्हतं. गावाकडे सरकारी कचेरीत साहेबाने 'समजलं का' विचारल्यावर माणूस ज्या आवाजात होय म्हणतो, तोच तो आवाज होता. तो आवाज मला ओळखीचा होता, तिला नव्हता. तिने वहीत टिक केली.

चौकशीत तपास अधिकारी म्हणाला, "निर्दोष माणसाला उत्तर द्यायला कसली भीती?" मी ते मराठीत सांगितलं. अशिलाने तिच्याकडे पाहिलं. तिने वहीत ते वाक्य लिहून घेतलं. आणि हा माणूस बोलायला लागला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी बोलला, अर्धवट, स्वतःच्याच म्हणण्याला छेद देत.

दुसऱ्या वेळचा प्रतिनिधीही शिकाऊच. तिशीतला, बोलताना थोडा अडखळणारा. त्याने कलमं फारशी सांगितली नाहीत. सूचना समजावून झाल्यावर तो अशिलाला म्हणाला, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला तुमच्या शब्दांत सांगा." अशील म्हणाला, "गप्प बसलो तर कोर्ट मला चोर ठरवणार." प्रतिनिधीने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी अशील म्हणाला, "म्हणजे आत्ता गप्प बसायचं आणि नंतर नवीनच काहीतरी सांगायचं, असं केलं तर अडचण. नुसतं गप्प बसलो म्हणून चोर नाही." अगदी बरोबर! इतकं नेमकं तर मलाही भाषांतरात साधलं नव्हतं. पुढे चौकशीत अधिकाऱ्याने आवाज चढवल्यावर हाच अडखळणारा माणूस म्हणाला, "हा प्रश्न नाही, हे तुमचं मत आहे. प्रश्न विचारा." खोलीतली हवा बदलली. अशिलाचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

आता या दोन प्रसंगांचा अहवाल लिहायला घ्या. दोन्हीकडे एकच वाक्य येईल: 'अशिलाला सूचनेचा अर्थ समजावला, समजल्याचं अशिलाने सांगितलं.' दोन्ही वाक्यं खरी. उलट पहिल्या मुलीची फाइल अधिक देखणी होईल, कारण तिला लिहिता येतं. ती मुलगी खोटं लिहील असं मी म्हणत नाही. आपण गप्प बसलो हे ती प्रामाणिकपणे लिहीलसुद्धा आणि त्यावर छान आत्मपरीक्षण करील. पण दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून सुचलेला शहाणपणा त्या गोदामातल्या माणसाच्या काहीच कामाचा नव्हता.

म्हणून माझी मागणी अशी. पोर्टफोलिओतल्या प्रकरणांपैकी निदान काहींत, अशिलाची संमती घेऊन, चौकशीचं रेकॉर्डिंग परीक्षकाने ऐकावं. हे रेकॉर्डिंग नव्याने करायचं नाही, इंग्लंडमध्ये संशयिताच्या चौकशीचं ध्वनिमुद्रण होतंच. अहवालाच्या चार पानांपेक्षा त्या टेपची दहा मिनिटं जास्त सांगतात. आणि बंद खोलीतल्या सल्ल्यासाठी, जिथे रेकॉर्डिंग करणं गोपनीयतेमुळे शक्यच नाही, तिथे अशील म्हणून उभा केलेला अभिनेता वापरावा. हे काही स्वप्नरंजन नाही. सॉलिसिटर होण्यासाठी आता जी एसक्यूई परीक्षा आहे, तिच्या दुसऱ्या टप्प्यात उमेदवार एका अभिनेत्याची अशील म्हणून मुलाखत घेतो आणि त्या मुलाखतीतल्या कौशल्याला गुण अशील झालेली व्यक्तीच देते. कायद्याचं ज्ञान नव्हे, अशिलाला विश्वास वाटला का, त्याचं ऐकून घेतलं का, हे ती पाहते. मालमत्तेच्या कागदांसाठी येणाऱ्या अशिलाला जे मिळतं ते कोठडीतल्याला का नको? आणि त्या अभिनेत्याला इंग्रजी येत नाही असं निदान एकदा तरी असावं, शेजारी दुभाषी असावा. 'समजलं का' या प्रश्नाचा पोकळपणा उमेदवाराला तिथे एका मिनिटात कळेल.

यावर मी दोन आक्षेप ऐकले आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला पैशांचा. ठाण्यातल्या कामाला 2008 पासून ठरावीक रक्कम मिळते. प्रकरण दोन तासांत संपो की सात, साधारण तेवढेच पैसे. त्यामुळे फर्मला कमी पगाराचा माणूस पाठवणं आणि त्याने लवकर परतणं परवडतं. अशात परीक्षा महाग केली तर लोक येणारच नाहीत, आणि फौजदारी वकिलीत आधीच तरुण कमी होत चालले आहेत. हे मला मान्य आहे. पण तीन वेळा पुन्हा समजावणारा तो दुसरा प्रतिनिधी फर्मच्या हिशोबात तोट्याचा होता, हेही त्याच आक्षेपातून निघतं. पैसे वेळ घेणाऱ्याला शिक्षा करत असतील, तर वेळ घेण्याची किंमत करणारी एक तरी जागा हवी, आणि ती परीक्षाच असू शकते. तिचा खर्च सरकारने उचलावा. ठाण्यातल्या चुकीच्या सल्ल्याचा खर्च पुढे खटला, अपील आणि तुरुंगाच्या रूपाने सरकारच उचलतं.

दुसरा आक्षेप एका अनुभवी सॉलिसिटर बाईंनी चहाच्या वेळी माझ्यापाशी काढला. टेप ऐकली जाणार हे कळलं की पोरं उगीच तोंड घालायला लागतील, गुणांसाठी. गप्प बसणंही कधी कधी शहाणपणाचं असतं. बरोबर आहे त्यांचं. पोलिसांसाठीच्या आचारसंहितेत, कोड सीमध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की ठाण्यात वकिलाचं काम एकच, अशिलाच्या कायदेशीर हक्कांचं रक्षण करणं आणि ते पुढे रेटणं. तो अयोग्य प्रश्नाला किंवा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला हरकत घेऊ शकतो, उत्तर देऊ नका असं सांगू शकतो, चौकशी थांबवून पुन्हा सल्ला देऊ शकतो. पण प्रश्न विचारणंच अशक्य करून सोडलं तर त्याला बाहेरही काढता येतं. तेव्हा कुठे बोलायचं हे पारखायलाच हवं. फक्त ती पारख ऐकून होते, वाचून होत नाही, आणि दहा टेप ऐकलेल्या परीक्षकाला गुणांसाठीचा हस्तक्षेप कोणता आणि अशिलासाठीचा कोणता, हे कळायला अकरावी लागत नाही.

शिकाऊंवरच सगळा रोख का, असंही कोणी विचारेल. रास्त आहे. ड्युटी सॉलिसिटर, म्हणजे ज्याचा स्वतःचा वकील नाही त्याच्यासाठी पाळीने जाणारा वकील, व्हायचं तर सॉलिसिटरलाही ठाण्याच्या कामाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. पण ती एकदा मिळाली की पुढे फाइलींची तपासणी होते, आवाजाची नाही. कार्डिफचा गप्प माणूस पूर्ण पात्रतेचा होता हे मी विसरू शकत नाही. वीस वर्षं ठाण्यांत जाणाऱ्यांच्याही टेप अधूनमधून ऐकाव्यात. त्यांतले काही अधिकाऱ्यांशी इतके सरावलेले असतात की चौकशीच्या खोलीत अशीलच परका वाटतो.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण महाराष्ट्रातल्या वकील मित्रांशी होणारं बोलणं. तिथे प्रश्न अजून आधीच्याच पायरीवर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 नुसार अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, पण संपूर्ण चौकशीभर नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 41-ड चंच हे रूप. अनेक आदेशांत न्यायालयांनी वकिलाला 'दिसेल पण ऐकू येणार नाही' इतक्या अंतरावर बसू दिलं आहे. ज्याला ऐकूच येत नाही तो हरकत कशाला घेणार? फुकट वकील देण्याची सक्तीची जबाबदारी, कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटल्याप्रमाणे, आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं करतात तिथून सुरू होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2019 मध्ये अटकेच्या आधीपासून आणि ठाण्यातच मदत मिळावी म्हणून कार्यपद्धती आखली, ही मोठी गोष्ट आहे. पण ठाण्यात जाणाऱ्या वकिलाला तिथे नेमकं काय करता यायला हवं आणि ते येतं की नाही हे कोण, कसं पाहणार, हा प्रश्न माझ्या मित्रांच्या बोलण्यात येतच नाही.

त्यांचा एक युक्तिवाद नेहमीचा असतो. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, मग चौकशीच्या खोलीत वकिलाचा एवढा आग्रह कशाला? इंग्लंडमध्ये ती चालते म्हणून तिथे वकील लागतो. फरक खरा आहे. पण आरोपीने 'दाखवलेल्या' वस्तूचा पंचनामा चालतो, आणि 'वस्तू दाखवतो' हे आरोपीचं म्हणणं ज्यात लिहितात त्या निवेदन पंचनाम्यावरच्या सह्या कशा होतात हे सत्र न्यायालयात काम केलेल्या कोणालाही मी सांगायला नको. मारहाण कुठल्या तासांत होते, हेही नको.

आपल्या विधी महाविद्यालयांतली मुलं मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, अप्रतिम बोलतात. समोर न्यायाधीश, अंगावर गाऊन, बोलायची पाळी आली की बोलायचं. त्यांना एकदा अशा खोलीत बसवून पाहा जिथे त्यांची पाळी कधीच येत नाही आणि बोलायचं तर मध्येच तोंड उघडावं लागतं. त्यासाठी संहितेत दुरुस्ती लागत नाही, इंग्लंडमधली महागडी यंत्रणा लागत नाही. एक फोन, त्यावर आपल्याच भाषेत, आपल्याच ठाण्याच्या सुरात रेकॉर्ड केलेली दहा-बारा वाक्यं: 'वकीलसाहेब, बाहेर बसा जरा.' 'अजून अटक दाखवलेली नाही, नुसतं विचारपूस करायला आणलंय.' 'सही कर रे, वाचायला काय आहे त्यात?' जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पॅनेलवर वकील घेण्याआधी ती वाक्यं एकेक करून लावावीत आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून उमेदवार काय बोलतो ते ऐकावं. मी इथल्या माझ्या दोन मराठी मैत्रिणींवर, दोघीही वकील, हे करून पाहिलं. 'सही कर रे' या वाक्याला दोघीही पहिल्या खेपेला गप्प राहिल्या. मग एक म्हणाली, "परत लाव."